गावात वॅगन आरला चौदाच्या वर अॅव्हरेज निघतच नाही, कुणाला किती निघतंय?

शहापूरकर
नमस्कार मंडळी. गाडी वॅगन आर, एक लिटर पेट्रोल, २०२२ चं मॉडेल. कंपनीचा आकडा २४.३५. मला गावात तेरा, फार तर चौदा. रोजचा रूट असा: बेळगावात शहापुरातून निघायचं, पोरीला टिळकवाडीत शाळेला सोडायचं, दुसऱ्या रेल्वे गेटात अडकायचं, मग कॅम्पात ऑफिस. दुपारी बायको गाडी नेते. सगळं धरून दिवसाला आठ-दहा किलोमीटर. अधूनमधून रविवारी निपाणीला सासरवाडी.

सर्व्हिसिंगवाल्याला विचारलं तर म्हणतो, "असंच असतंय सर, पाय हलका ठेवा." पाय हलकाच आहे हो. रस्त्यावरनं म्हशी मला ओव्हरटेक करतात.

तर आपल्या भागात छोट्या गाडीला खरंच किती निघायला पाहिजे आणि जास्त खर्च न करता ते वाढवायचं कसं? एकच विनंती, "ईव्ही घ्या" म्हणू नका.

तवंदीचा_वारा
ईव्ही घ्या. (पळालो.)

खानापूर_रोड
माझी अल्टो, जुनी ८०० वाली. रोज खानापूर ते बेळगाव आणि परत. एकवीसच्या खाली कधी येत नाही, पावसाळा संपला की बावीस. साठ-पासष्टनं चालवतो, टॉप गिअर पडला की पडला, मग थेट पिरनवाडीलाच हलवायचा. तुमच्या गाडीला काही झालेलं नाही. आठ किलोमीटरात गेट, सर्कल, स्पीडब्रेकर, परत सर्कल. असल्या रस्त्यावर विमान चालवलं तरी चौदाच निघेल.

अनगोळचा_गणेश
+१. आणि पहिल्या गेटाजवळ रिक्षा मध्येच थांबतात त्याचं काय ते पण लिहा.

मास्तर_चिकोडी
कंपनीचा आकडा कुठून येतो ते आधी समजून घेऊ, म्हणजे निम्मा राग जाईल.

ही चाचणी रस्त्यावर होतच नाही. पुण्याच्या एआरएआयसारख्या, गाड्या तपासणाऱ्या संस्थेत गाडी रोलरवर उभी करतात, चाकं जागच्या जागी फिरतात आणि ठरलेल्या तक्त्याप्रमाणे वेग कमी-जास्त करतात. हा सगळा खेळ ११८० सेकंदांचा, म्हणजे वीस मिनिटांच्या आत आटोपतो. वेग ९० च्या वर जात नाही. एसी बंद. वारा नाही, चढ नाही, मागच्या सीटवर सासूबाई नाहीत. सगळ्या गाड्यांना एकच माप लावायला हा आकडा चांगला. दोन गाड्यांची तुलना त्यावरून जरूर करावी. आपल्या खिशाचा हिशोब त्यावर मांडू नये.

हायवेला शांत चालवून या आकड्याच्या ऐंशी-पंच्याऐंशी टक्के मिळाले तर माझ्या मते गाडी ठणठणीत. गावात साठ-पासष्ट टक्के. म्हणजे शहापूरकर, तुम्हाला पंधरा-सोळा मिळायला हवेत. तेरा जरा कमीच आहेत, तेवढी तक्रार रास्त.

आता कारण. थंड इंजिन जास्त पेट्रोल पितं. सेन्सरला कळतं की इंजिन गार आहे, मग इंजेक्टर मुद्दाम जास्त पेट्रोल सोडतो. ऑइलही घट्ट असतं. इंजिन पूर्ण तापायला चार-पाच किलोमीटर तरी लागतात आणि तुमचा प्रवास तेवढ्यातच संपतो! आपलं बेळगाव साडेसातशे मीटरवर, डिसेंबर-जानेवारीत सकाळी काय गारठा असतो ते सांगायला नको. तुम्ही दिवसातून चार वेळा गार गाडी चालू करता आणि ती तापायच्या आत बंद करता.

खानापूरची_लेक
मास्तरांचं पटलं. पण शहापूरकर, "दुपारी बायको गाडी नेते" हे वाक्य तुम्ही कारणांच्या यादीत टाकलंय की माहितीच्या? सहज विचारतेय.

शहापूरकर
ताई, माहितीच्या. ती पण हा धागा वाचते, कृपया जपून.

खानापूरची_लेक
बरं, मग एक निरीक्षण. शाळा सुटायच्या वेळी टिळकवाडीत बघा. गाड्यांची रांग, काचा वर, एसी चालू, इंजिन चालू, आत माणूस मोबाईल बघत. यात बायका किती आणि बाबा किती ते मी मोजलेलं नाही, पण बाबा कमी नसतात. छोटं इंजिन नुसतं घुरघुरत ठेवलं तरी तासाला पाऊण लिटरच्या आसपास जातं, एसी लावला की आणखी वाढतं. दहा मिनिटं थांबलात की दीड-दोन किलोमीटरचं पेट्रोल जागेवर संपलं. दिवसाला आठच किलोमीटर चालणाऱ्या गाडीला हे केवढ्याला पडतं बघा!

गेट पडलं की मी तर किल्लीच फिरवते. मागचे हॉर्न मारतात, मारू देत. रेल्वे गेल्याशिवाय गेट काय उघडणार नाही.

दूधगंगा_काठ
सगळे मूळ मुद्दा सोडून बोलायलेत. खरं कारण इथेनॉल! पूर्वी माझी सॅन्ट्रो सोळा द्यायची, आता बाराला आलीय. वीस टक्के इथेनॉल घालून पेट्रोलच्या भावानं विकायलेत. ऊस आमचा, टाकी आमची आणि फटका पण आम्हालाच.

मास्तर_चिकोडी
ऊस तुमचा आणि बिलही तुम्हीच घेता की कारखान्याकडून! गंमत सोडा, आकडे बघू. एक लिटर पेट्रोलमध्ये जेवढी ऊर्जा असते, त्याच्या साधारण दोन तृतीयांश एक लिटर इथेनॉलमध्ये असते. म्हणजे शुद्ध पेट्रोलशी तुलना केली तर वीस टक्के मिश्रणात सहा-सात टक्के ऊर्जा कमी. पण शुद्ध पेट्रोल आपण वापरत होतो कुठे? त्याआधी दहा टक्के मिश्रण होतंच. दहावरून वीसवर गेल्यानं फरक पडतो तीन-साडेतीन टक्क्यांचा. सोळाचे साडेपंधरा होतील. सोळाचे बारा इथेनॉलनं होत नाहीत, गाडीत दुसरं काहीतरी आहे.

दूधगंगा_काठ
कागदावर तीन टक्के. गाडी चालवणाऱ्याला कळतंय ते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या धाटणीच्या चारचाकीला सहा-सात टक्के घट लिहिलीय. आणि रबराचे पाइप, गॅस्केट? एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या त्या हिशोबानं बनवल्यात, आमच्या जुन्यांचं काय?

मास्तर_चिकोडी
पाइप-गॅस्केटची काळजी रास्त आहे, त्यावर वाद नाही. जुन्या गाडीचे इंधनाचे पाइप तपासून घ्यावेत. पण ते झालं आयुष्याचं, इथे अॅव्हरेजचं चाललंय. सहा-सात टक्के धरले तरी सोळाचे पंधरा.

दूधगंगा_काठ
बरं. पंधरा. मग बाकीचे तीन कुठे गेले?

उद्यमबाग_स्पॅनर
बाकीचे तीन मी सांगतो. गॅरेज आहे, हात काळे करूनच पोट भरतंय.

"अॅव्हरेज पडलंय" म्हणून गाडी आली की मी बॉनेट उघडत नाही. आधी एक राउंड मारून येतो आणि चारही चाकांच्या मधल्या भागाजवळ हात नेतो. लावायचा नाही, जवळ न्यायचा. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असलं तर तिथं ब्रेक धरतोय. मग जॅक लावून चाक हातानं फिरवायचं. मोकळं फिरलं पाहिजे. खर्र-खर्र करून अर्ध्या फेरीत थांबलं तर समजायचं, तुमचं पेट्रोल तिथं जळतंय.

आपल्याकडं हे जास्त का, तर पाऊस. जून ते सप्टेंबर गाडी ओलीच. खानापूर, कणकुंबीकडच्या गाड्या तर विचारूच नका. हँडब्रेक ओढून दोन-तीन दिवस गाडी तशीच उभी केली की मागच्या ब्रेकच्या ड्रमात शूचं लायनिंग (ड्रमाला घासून चाक थांबवणारा थर) गंजून चिकटतं. लोक जोर देऊन सोडवतात, "टक्" आवाज येतो, गाडी निघते, पण शू पूर्ण मागं येत नाही. काही ठिकाणी हँडब्रेकची केबल इतकी ताणून ठेवतात की दोन खटक्यात ब्रेक लागतो. गिऱ्हाईक खूश, आणि गाडी दिवसभर अर्धा ब्रेक लावून पळते.

पावसाळ्यात सपाट जागेला गाडी गिअरमध्ये उभी करा, चाकाला दगड लावा, हँडब्रेक मोकळा ठेवा.

दुसरं थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडं जाणारं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह. तो उघडा अडकला की इंजिन तापतच नाही, आणि मास्तरांनी सांगितलं तसं कायम जास्त पेट्रोल ओढत राहतं. काही महाभाग तो काढूनच टाकतात, "गाडी हीट व्हत न्हाई" म्हणून. वीस मिनिटं हायवेला मारूनसुद्धा टेंपरेचरचा निळा दिवा जात नसेल तर तेच बघा.

तिसरं ऑइल. या नव्या छोट्या इंजिनांना पातळ ऑइल लागतं, झिरो डब्ल्यू वीस नाहीतर पाच डब्ल्यू तीस, पुस्तकात असेल ते. ट्रॅक्टरचं उरलेलं घट्ट वीस डब्ल्यू पन्नास ओतून आणलेल्या गाड्या मी बघितल्यात.

एअर फिल्टरचं लोकांना उगाच कौतुक. इंजेक्शनच्या गाडीत फिल्टर चोंदला तर आधी पिकअप पडतो, अॅव्हरेज त्यामानानं फार हलत नाही. बदला वेळेवर, पण त्यानं चौदाचे अठरा होतील ही आशा नको.

खानापूर_रोड
बाकी सगळं राहू दे, हा एक रिप्लाय प्रिंट काढून ठेवण्यासारखा.

निपाणी_बसस्टँड
मी सांगतो फुकटचा उपाय. बेळगावहून येताना तवंदी घाटाच्या माथ्यावर आलं की न्यूट्रल. गाडी आपोआप खाली निपाणीपर्यंत. एक थेंब लागत नाही. आमचे ट्रकवाले मामा आयुष्यभर हेच करत आले.

उद्यमबाग_स्पॅनर
दादा, थेंब लागतो. न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच. उलट गिअरमध्ये ठेवून पाय पूर्ण काढलात की इंजेक्टर बंद होतात, चाकंच इंजिन फिरवतात. आरपीएम हजार-बाराशेच्या खाली आला की परत चालू. म्हणजे उताराला गिअरमध्येच खरं फुकट. मामांच्या ट्रकाचं गणित वेगळं होतं, आणि त्या काळात पण घाटात न्यूट्रल मारणं चुकीचंच होतं.

निपाणी_बसस्टँड
मग मी इंजिनच बंद करतो, बोला.

उद्यमबाग_स्पॅनर
बोलतो. इंजिन बंद केलं की ब्रेक दोन-तीन वेळा दाबल्यावर बूस्टरची मदत संपते, मग पेडल दगडासारखं. स्टिअरिंग जड. किल्ली एक खटका जादा मागं गेली तर स्टिअरिंग लॉक. समोर उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, मागं रिफ्लेक्टर नाही. चोर्ला आणि आंबोली घाटात असं करणाऱ्यांच्या गाड्या आमच्याकडं क्रेनला बांधून येतात. कृपा करून करू नका.

निपाणी_बसस्टँड
बरं बाबा, गिअरमध्ये उतरतो. ट्रॉलीचं मात्र खरं बोललात. गळीत हंगाम सुरू झाला की संकेश्वर ते निपाणी कुणाचं अॅव्हरेज निघायचं नाही. ट्रॅक्टरमागं तिसऱ्या गिअरला घुटमळत जायचं.

शिनोळी_नाका
मी चंदगड तालुक्यातला, म्हणजे महाराष्ट्रातला, पण बाजारहाट सगळा बेळगावात. आमच्याकडं अॅव्हरेजवर कुणी डोकं चालवत नाही, सगळे भावावर चालवतात. हिंडलग्याच्या बंकावर (पेट्रोल पंपावर) टाकी फुल करूनच बाचीची हद्द ओलांडायची.

अनगोळचा_गणेश
त्यात पूर्वीची मजा राहिली नाही आता. जून २०२४ मध्ये कर्नाटकानं विक्रीकर वाढवला, पेट्रोल लिटरला तीन रुपयांनी वर गेलं. फरक राहिला रुपया-दीड रुपयाचा. पंचवीस लिटर भरलं तर तीस-पस्तीस रुपये सुटतात. खरं स्वस्त गोव्यात.

शिनोळी_नाका
मग गोव्याला जाऊन भरावं म्हणता?

तवंदीचा_वारा
जाऊन भरा की. फक्त पेट्रोलच भरून परत आलात तर घरी सांगा, सत्कार ठेवू.

कोगनोळी_टोल
भावाचा विषय निघालाच आहे तर बंकावरच्या अंधश्रद्धा पण काढू. आमचे एक स्नेही नेहमी पाचशे दहाचं भरतात, पाचशेचं भरलं की कमी येतं म्हणे. दुसरे पहाटे भरतात, गार पेट्रोल दाट असतं म्हणून. टाकी जमिनीखाली आहे हो, तिथं सकाळ काय आणि दुपार काय! शंका असेल तर पाच लिटरचं माप मागा. वजनमाप खात्याचा शिक्का असलेलं माप प्रत्येक बंकावर ठेवावंच लागतं, समोर ओतून दाखवायला सांगा. भांडू नका, नुसतं मागा.

खानापूरची_लेक
एक मूलभूत प्रश्न राहिलाच. शहापूरकर, हे तेरा-चौदा तुम्ही काढता कसं? डॅशबोर्डवर बघून?

शहापूरकर
हो, डिस्प्लेवर येतं ते.

खानापूरची_लेक
तो अंदाज असतो. बहुतेक गाड्यांत जरा चढाच दाखवतो. टाकी फुल करा, नोझल आपोआप बंद होईल तिथं थांबा. "अजून थोडं, राउंड फिगर करा" म्हणू नका. ट्रिप मीटर शून्य करा. निम्मी टाकी तरी संपवा, मग त्याच बंकावर, त्याच नोझलवर परत तसंच भरा. किलोमीटर भागिले लिटर. गावाचं वेगळं काढा, निपाणीचं वेगळं. आणि निपाणीचं काढताना जाऊन-येऊन धरा. जाताना वंटमुरी आणि तवंदी दोन्ही घाट उतार, येताना चढ. एकाच बाजूचं काढून "मला सव्वीस निघालं" म्हणणारे आमच्या घरात आहेत.

दूधगंगा_काठ
आणि हवा. हवेबद्दल अजून कुणीच कसं बोललं नाही?

उद्यमबाग_स्पॅनर
बोलतो. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतं, त्यावर आकडा आहे. माणसं कमी असताना किती, भरलेली असताना किती, दोन्ही. टायर गार असताना भरायची, म्हणजे घराजवळच्या पंक्चरवाल्याकडं, चाळीस किलोमीटर मारून हायवेला नाही. जास्त हवा भरून अॅव्हरेज वाढवणारे पण असतात, त्यांचं टायर मधोमध झिजतं आणि पावसात ब्रेक लागत नाही. नायट्रोजन परवडत असेल तर भरा, अॅव्हरेजला काही फरक नाही, साध्या हवेतही पाचातले जवळपास चार भाग नायट्रोजनच आहे.

मास्तर_चिकोडी
हायवेपुरती एक भर. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. ८० चे १०० केलेत की विरोध दीडपटीहून जास्त, ५६ टक्क्यांनी वाढतो. वॅगन आरसारख्या उंच गाडीला तर जास्तच झोंबतो. बेळगाव-निपाणी सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. शंभरनं गेलात तर दहा-अकरा मिनिटं वाचतात. ती सासरवाडीत घालवायची आहेत की रस्त्यात, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

टपावर कॅरियर असेल तर काढून ठेवा. वर्षातून एकदा बासमतीची पोती आणायला लागतो आणि वर्षभर वारा अडवतो.

येळ्ळूरचा_मळा
पोती टपावर नाही, डिकीत घालायची असतात, मास्तर. बासमती येळ्ळूरची असेल तर पुढच्या सीटवर बेल्ट लावून.

शहापूरकर
मंडळी, जरा उशिरानं लिहितोय, टाकी संपायची वाट बघत होतो.

स्पॅनरभाऊंनी सांगितल्याप्रमाणे गावातनं एक फेरी मारून चाकांजवळ हात नेला. मागचं डावं चाक चांगलंच तापलेलं. उजवं गार. गल्लीतल्याच एका मिस्त्रीकडे जॅकवर चढवलं, चाक हातानं फिरेना. ड्रम उघडला तर आत लालसर गंजाची पूड, लायनिंग एका बाजूनं चकचकीत घासलेलं. हँडब्रेकची केबल पण ताणलेली निघाली, शेवटच्या सर्व्हिसिंगला "हँडब्रेक टाइट केलाय" असं बिलावर लिहिलेलंच आहे. साफ केलं, केबल सैल केली, खर्च हॉटेलात चौघांनी जेवण्याएवढा.

गेटात इंजिन बंद करायला लागलोय. शाळेजवळ पण. टाकी-टू-टाकी काढलं तर गावात सोळाला थोडं कमी. निपाणी जाऊन-येऊन, ऐंशीच्या आत, एसी लावून, एकवीस. मास्तरांचा अंदाज जवळपास बरोबर निघाला.

दूधगंगा_काठ
अभिनंदन. इथेनॉल नसतं तर सतरा निघालं असतं.

उद्यमबाग_स्पॅनर
काका, सॅन्ट्रो घेऊन या एकदा. चाकं बघतो, मग इथेनॉलला शिव्या घालू.

दूधगंगा_काठ
शनिवारी येतो. चहा तुमचा.

अनगोळचा_गणेश
सीएनजी करून घ्या म्हणायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही का? कंपनीची सीएनजी वॅगन आर किलोला चौतीसचा आकडा सांगते. बेळगावात पंप पण झालेत.

मास्तर_चिकोडी
किलो आणि लिटर एकमेकांसमोर ठेवू नका, भाव वेगळे. रुपयाला किती किलोमीटर ते काढा. आणि दिवसाला आठ किलोमीटर चालणाऱ्या गाडीला किटचा खर्च कधी वसूल होणार? रोज खानापूर करणाऱ्यानं विचार करावा.

खानापूर_रोड
केला होता. डिकी जाते. आमच्याकडं रताळ्याचा सीझन असतो, डिकी गेली तर घरातनं मीच जाईन.

खानापूरची_लेक
शहापूरकर, आठ किलोमीटरसाठी एक स्कूटर घरात आहे का? गार इंजिनाचा प्रश्न तिथंच संपतो. गाडी पावसात आणि निपाणीला.

शहापूरकर
आहे. पण ती बायकोची. मागून बघतो.

शहापूरकर
नाही म्हणाली. "तुझ्या हातात दिली तर तिचं पण अॅव्हरेज पडेल" असं उत्तर आलंय.